मोडक्या घराच्या सागवानातून कोरीवकाम: इंदुरातल्या नवशिक्यांसाठी

आमच्या आजोळचं घर मल्हारगंजात होतं. पडलं, म्हणजे पाडलं, आणि ज्या दिवशी छत उतरवलं त्या दिवशी मी तिथे उभा होतो, तुळया एकेक करून खाली येत होत्या आणि ठेकेदाराचा माणूस त्या ट्रकमध्ये टाकत होता, विचारलं कुठे नेता तर म्हणाला टालवर, जळाऊ लाकडाच्या भावात. पक्कं सागवान, चुलीत! त्या दिवशी माझ्या हाती फक्त दोन गोष्टी लागल्या, माजघराचा उंबरा आणि एक दाराची फळी. उंबरा मधोमध इतका झिजलेला होता की त्यात पाण्याचा तांब्या आडवा ठेवला तर घरंगळणार नाही. घरी आणून एका टोकाने दोन इंच कापला, वरून काळाकुट्ट आणि हळदीकुंकवाने माखलेला तो तुकडा आतून मधासारखा पिवळाधमक निघाला आणि चामड्याच्या नव्या चपलेसारखा वास अख्ख्या गॅलरीत पसरला. इतक्या वर्षांनी. तेव्हापासून हे काम करतोय, आणि आता बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय.

एक आधीच सांगतो, हे फर्निचर बनवण्याबद्दल नाही. भिंतीवर लावायची कोरलेली फळी, ज्यात चित्र वर उठून दिसतं आणि मागची जमीन खाली जाते, तेवढंच यात आहे. पहिल्या कामासाठी तेच बरं, कारण त्यात जोड नाहीत, मशीन लागत नाही, आणि फ्लॅटच्या गॅलरीतसुद्धा होतं.

जुनंच लाकूड का

लोक म्हणतात जुनं लाकूड स्वस्त म्हणून घ्या. स्वस्त आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. ताज्या कापलेल्या लाकडात पाणी असतं, आणि ते सुकताना लाकूड आखडतं, लांबीत जवळपास नाहीच पण रुंदीत चांगलंच. त्यातही गंमत अशी की वर्षांची वर्तुळं ज्या दिशेने गोल फिरतात त्या दिशेने ते साधारण दुप्पट आखडतं आणि गाभ्यापासून सालीकडे त्याच्या निम्मंच, म्हणून फळी वाकते, पन्हाळीसारखी होते, टोकाला चिरते. मी सगळ्यात पहिलं काम आंब्याच्या लाकडावर केलं होतं, दुकानदाराने सुकलेलं आहे म्हणून दिलेलं, आठ दिवस बसून कोरलं आणि एप्रिलच्या गरम वाऱ्यात एका रात्रीत फुलाच्या मधोमध चीर गेली, बोट जाईल एवढी. घराच्या तुळईने, चौकटीने मात्र पन्नास-शंभर उन्हाळे-पावसाळे बघितलेले असतात, तिचं आखडून झालेलं असतं. पावसाळ्यात ती थोडी फुगते, उन्हाळ्यात थोडी आत जाते, पण दगा देत नाही. नवशिक्याला असंच लाकूड हवं.

लाकूड कुठे मिळेल

जुन्या इंदुरात, म्हणजे मल्हारगंज, जूनी इंदौर, छावणी, राजवाड्याच्या आजूबाजूला, घरं सारखी पडताहेत, काही रस्तारुंदीत गेली, काही वाटण्यांमुळे. पाडकाम चालू दिसलं की थांबा आणि मुकादमाशी बोला. चौकटीचा एक उभा पाय, खिडकीची एक झडप, कपाटाची फळी, एवढंच मागा, लोक देतात. घरमालक उभा असेल तर त्याला सांगा की यातून काय करणार आहे, मला एका काकूंनी त्यांच्या देवघराची चौकट तशीच दिली, अट एकच की बनवल्यावर फोटो दाखवायचा. जुने दरवाजे विकणारे लोकही असतात, ते वजनावर किंवा नगावर भाव सांगतात, आणि जळाऊ लाकडाच्या टालवर सकाळी लवकर गेलात तर फाडण्याआधी तुकडे बघायला मिळतात.

दुसरी सोय पॅकिंगच्या लाकडाची. पिथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांतून पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट, येतात, बहुतेक चीड, म्हणजे पाईन. सरावाला चांगली. पण घेताना त्यावरचा शिक्का बघा, परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं असतात. एच आणि टी असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं, ते बिनधास्त वापरा. एम आणि बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू दिलेला आहे, ते घरात आणू नका. आणि तेल, केमिकल सांडल्याचे डाग असलेलं कुठलंच पॅलेट नको, शिक्का काहीही असो.

ताजं लाकूड हवंच असेल तर वादळात पडलेली झाडं असतात, जूनच्या पहिल्या आंधीत दरवर्षी पडतात. पण रस्त्यावर पडलेली फांदीसुद्धा आपली नसते, आधी नगर निगमच्या उद्यान विभागात विचारा, आणि उभं झाड तर अंगणातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, शहरी भागातल्या झाडांसाठी मध्यप्रदेशात २००१ चा कायदाच आहे. बाहेरगावाहून सागाचे ओंडके गाडीत टाकून आणणं तर अजिबात नको, वनविभागाचा परवाना लागतो.

आपल्याकडची झाडं, थोडक्यात

साग सगळ्यात आज्ञाधारक, फक्त त्यात वाळूसारखी सिलिका असते त्यामुळे धार लवकर जाते. शिवण मिळाली, जिला इथले लोक खमेर म्हणतात, तर सोडू नका, हलकी, फिकट, न वाकणारी, पटाशीखाली, म्हणजे कोरायच्या छिन्नीखाली, लोण्यासारखी. हळदू पण छान, पिवळसर आणि एकसारखी. कडुनिंबात रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकमेकींत गुंतलेल्या असतात, इकडून कापली तर गुळगुळीत आणि शेजारीच ओरबाडते, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या कामाला ठेवा. शिसवी देखणी पण कठीण. बाभूळ तर बैलगाडीच्या चाकाचं लाकूड, हत्यारांच्या मुठी करा त्याच्या. चिंच इतकी घट्ट की खाटकाचे ठोकळे तिचे असतात. जांभूळ पाण्यात टिकतं, कोरायला बरं. शिरीष घासताना शिंका येऊन जीव जातो, मास्कशिवाय हात लावू नका. गुलमोहर वादळात सगळ्यात जास्त पडतो आणि कामाला सगळ्यात कमी येतो, सोडून द्या.

आणि कण्हेर नको. कशालाच नको. झाड विषारी आहे, त्याचा चमचा, रवी, खेळणं काहीही करू नका.

लहान मुलांची खेळणी ज्यांना करायचीत त्यांनी एकदा बुदनीला जाऊन या, नर्मदाकाठी, सीहोर जिल्ह्यात. तिथे दुधीच्या पांढऱ्या लाकडाला खरादीवर फिरवून फिरत्यावरच लाखेचा रंग चढवतात. ते काम वेगळं, कोरीवकाम वेगळं, पण बघून डोळे उघडतात.

ताजं लाकूड सुकवायचं असेल तर

टोकांना लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात वेगाने जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. फळ्या पाडून घ्या आरा मशीनवर, सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, वर वजन. हिशोब जुना आहे, एक इंच जाडीला एक वर्ष. आपल्याकडे उन्हाळा कोरडा असतो त्यामुळे थोडं आधीही होतं. मी एका छोट्या तुकड्यावर तारीख लिहून ठेवतो आणि दर महिन्याला किचनच्या काट्यावर तोलतो, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

आंबा, निंबाच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो, त्यातून पिठासारखी भुकटी पडते. त्याला बोरिक आणि बोरॅक्सचं पाणी, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स, कोमट पाण्यात विरघळवून फळी त्यात बुडवून ठेवायची किंवा दोन-तीनदा ब्रशने सणसणीत लावायची. फक्त शोभेच्या वस्तूंना, ताट-चमच्यांना नाही.

आणलेलं जुनं लाकूड साफ करणं

हे काम लोक घाईत उरकतात आणि नंतर पस्तावतात. जुन्या दारात न दिसणारे खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून घ्या, भंगारात मिळतं, ते दोऱ्याला बांधून फळीवरून अगदी हळू फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खडूने गोल करा. मग जंबूरने किंवा बारीक पहारीने, खाली लाकडाचा तुकडा ठेवून, काढा. एक खिळा राहिला तर पटाशीच्या धारेतून असा तुकडा उडतो की ती परत घासायला तास जातो.

खिळ्याभोवती काळं कडं दिसेल, लोखंड आणि लाकडातला तुरटपणा मिळून ते होतं. मी ते ठेवतो. घालवायचंच असेल तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं, ते विषारी आहे, हातमोजे घालून, मुलांपासून दूर, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून.

रंग असेल तर नीट ऐका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरातल्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे पाडलेल्या घरातली दारं सगळी त्याच्या आधीची धरा. असा रंग कोरडा घासायचा नाही, मशीन लावायची नाही, बर्नरने जाळायचा तर अजिबातच नाही, त्याचा धूर वाईट. ओला करून लोखंडी पट्टीने खरवडा, खाली जुना पेपर, सगळं गोळा करून बांधून टाका, पोरंबाळं आणि गरोदर बाई घरात असेल तर हे काम घरात करूच नका. खरं म्हणजे सुरुवातीला बिनरंगाचंच लाकूड शोधा, तुळई, वासे, चौकटीची मागची बाजू.

मास्क तसाही कायम लागतो. लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत आहे, हे सुतारकाम करणाऱ्या कितीतरी लोकांना कोणी सांगतच नाही. एन-९५ घ्या, रुमाल बांधून भागत नाही.

हत्यारं

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात गेलात की पंचवीस वस्तूंचा सेट दाखवतील, घेऊ नका. पहिल्या फळीला एवढं पुरतं: अर्धा इंच आणि पाव इंच सरळ पटाशी, दोन गोल पटाश्या, एक जवळपास चपटी आणि एक खोलगट, व्हीच्या आकाराची एक. एक लाकडी मोगरी, लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते. दोन शिकंजे, फळी टेबलाला आवळून धरायला. गुण्या, पेन्सिल, कार्बन पेपर. धारेचा दोन बाजूंचा दगड, एकीकडे जाड, एकीकडे बारीक. आणि जुना चामड्याचा पट्टा, एका लाकडी फळीवर फेविकॉलने चिकटवलेला, त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासायची.

मी सगळ्यात जास्त वेळ धारेवर घालायला सांगेन. नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, फक्त आकार दिलेला असतो. पाठीची बाजू आधी दगडावर सपाट ठेवून घासा, टोकाचा एक सेंटिमीटर आरशासारखा होईपर्यंत. मग उताराची बाजू, तिचा कोन साधारण २५ अंश असतो, तो पूर्ण टेकवून जाड बाजूवर, पाठीकडे बारीक बुरी, म्हणजे धारेवर उलटलेली खरखरीत कड, हाताला लागेपर्यंत. मग बारीक बाजूवर दोन-तीन अंश उचलून थोडंसंच, शेवटी पट्ट्यावर मागे ओढत दहा-पंधरा वेळा, पुढे ढकललीत तर चामडं कापेल. झाली का हे बघायचं असेल तर चीडच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे जिथे रेषा उभ्या तुटतात तिथे, हाताने ढकला, चकचकीत काप आला तर झाली, पांढरट चुरा आला तर परत पट्ट्यावर. काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्यावर ओढत राहा. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लागला की ती सुटते आणि हातात जाते. दोन्ही हात कायम धारेच्या मागे, फळी शिकंज्यात, फळी हातात धरून कोरणं बंद.

चित्र: पळसाची तीन पानं

पहिल्या फळीला गणपती नको, मोर नको. पळस घ्या. पळसाला पानं तीनच, आणि तीच तीन पानं शिकवायला पुरेशी आहेत, का ते पुढे सांगतो. मधलं पान मोठं, सरळ वर, बाजूची दोन तिरपी आणि थोडी बेढब, देठाकडची एक बाजू फुगीर. इंदूरच्या बाहेर कुठेही निघा, मांडू रोडला, देवासकडे, पळस दिसतोच, मालवीत खांखरा म्हणतात. एक खरी फांदी आणा, समोर ठेवा, फोटोवरून काढू नका. पानाच्या कडा कशा थोड्या वर वळतात, शिरा मधल्या शिरेपासून किती कोनात निघतात, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही.

फळी ८ बाय १० इंच, जाडी एक इंच. लाकडाच्या रेषा उभ्या, १० इंचाच्या दिशेने. रंध्याने किंवा कोणा मिस्त्रीकडून तोंड सपाट करून घ्या, पण मागची बाजू तशीच जुनी राहू द्या. कागदावर चित्र पूर्ण आकारात काढा आणि कार्बनने फळीवर उतरवा. कडेला बोटभर मोकळी चौकट सोडा, ती नंतर खोली मोजायलाही कामी येते.

कोरणं

आधी व्हीच्या पटाशीने चित्राच्या बाहेरून, रेघेपासून एक-दोन मिलिमीटर लांब, एक नाली काढा. मग त्या नालीत गोल आणि सरळ पटाश्या उभ्या धरून, वळणाला जी पटाशी बसेल ती, मोगरीने हलके ठोके, खाली जाणारा उभा काप. मग बाहेरून चित्राकडे चपटी गोल पटाशी आडवी चालवत जमीन काढायची, तो उभा काप तिला थांबवतो. परत उभा काप, परत जमीन. असं दोन-दोन मिलिमीटर करत ६ मिलिमीटरपर्यंत. एकदम खोल जायचं नाही, पानाची कड तुटते. जमीन अगदी सपाट करायच्या मागे लागू नका, पटाशीच्या खुणा राहिल्या तर उजेड त्यावर खेळतो.

आता खरी गोष्ट. उमेदीच्या दिवसांत मी एका बुजुर्ग मिस्त्रींच्या शेजारी बसायचो, ते बोलायचे कमी, पण माझी पटाशी एका जागी करकरली की मान न वळवता म्हणायचे, "भिया, उल्टा चल रहा है, रेशा उखड़ेगा." बघायचेसुद्धा नाहीत, आवाजावरून. बरोबर दिशेला पटाशी सळसळते आणि काप गुंडाळी होऊन येतो, उलट दिशेला ती करकरते आणि पुढे पुढे चिरा पाडत लाकूड उपटते.

नियम एकच, उंचावरून उताराकडे. रेषेच्या मानाने जो भाग सगळ्यात बाहेर आलाय तिथून सुरू करायचं आणि आत जायचं. मधलं सरळ पान घ्या, त्याचं पोट सगळ्यात बाहेर, म्हणून गोलाई देताना पोटापासून टोकाकडे, आणि पोटापासून देठाकडे, दोन्ही बाजूंना सारखंच. हे कोणालाही जमतं. पण बाजूचं तिरपं पान घेतलं की सगळं बदलतं, रेषा अजून उभ्याच आहेत आणि पान आडवं झुकलंय, आता त्याची वरची कड देठाकडून टोकाकडे कोरायची आणि खालची कड टोकाकडून देठाकडे. एकाच पानाच्या दोन कडा, दोन उलट दिशा. म्हणून मी पळस म्हणालो. ही दोन तिरपी पानं न उपटता झाली की मग कुठलंही चित्र घ्या, हाताला प्रश्न पडत नाही. सागाची रेषा कुठे वळलीय ते दिसत नसेल तर फळीला थोडं पाणी पुसा आणि कडेने बघा, ओली रेषा उठून दिसते.

मग पानांना उतार द्या, मधली शीर वर, दोन्ही बाजू थोड्या खोल, कडा परत किंचित वर. एक पान दुसऱ्याच्या खाली जातंय असं दाखवायचं असेल तर खालचं पान जोडापाशी दोन-तीन मिलिमीटर उतरवा, तेवढ्याने दिसतं. शिरा सगळ्यात शेवटी, व्हीने, एका दमात, आणि सगळ्या नाही, मुख्य शिरा आणि दर बाजूला पाच-सहा. जास्त शिरा म्हणजे पान मेलेलं दिसतं.

खोली पुरली का हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. खिडकीशी आडव्या उजेडात फळी उभी धरा. सकाळी एकदा राजवाड्यासमोर जाऊन उभे राहा, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, १९८४ च्या आगीत मोठा भाग गेला आणि पुन्हा बांधला तरी ते काम कसं सावलीवर उभं आहे ते दिसतं, झरोक्यांवरचं नक्षीकाम खालून, एवढ्या लांबून वाचता येतं कारण कोरणाऱ्याने सावली कुठे पडेल ते धरूनच खोली ठेवली होती.

घासणं शक्यतो टाळा. पॉलिश पेपरने पटाशीचा ताजा, चमकणारा काप मंद होतो आणि कडा गोल होतात. अगदीच लागलं तर पानांच्या वरच्या भागावर १८० आणि मग २४० नंबर, रेषेच्या दिशेने. पेपर मारल्यावर परत पटाशी चालवू नका, पेपरचे कण लाकडात राहतात आणि धार खातात.

खिळ्याच्या भोकांचं काय

जुन्या फळीत भोकं असणारच, कुठे बिजागरीचा खाचा, कुठे कडीचा घासलेला गोल. लोक विचारतात पुट्टी भरू का. माझं मत आहे, नको. चित्र काढतानाच ती भोकं कुठे येतात ते बघा आणि जमिनीत किंवा चौकटीत येऊ द्या. माझ्या उंबऱ्याच्या फळीत झिजलेला मधला भाग मी तसाच ठेवला, पानं दोन्ही बाजूंना कोरली, आजी जिथे रोज रांगोळीची बोटं टेकायची त्या खळग्याला पटाशी लावायला हातच होईना. पण भोक नेमकं पानाच्या मध्यात आलं आणि डोळ्याला खुपतंच असेल तर त्याच लाकडाची बारीक खुंटी करून, रेषा जुळवून, फेविकॉल लावून ठोका आणि वरून कापून टाका. भुसा आणि फेविकॉलचं मिश्रण भरू नका, तेल लावलं की त्याचा डाग वेगळा दिसतो.

शेवटचा हात

दोन रस्ते. पहिला जवसाचं तेल. आपल्या मालव्यात पिकतं, कच्च्या घाणीचं मिळतं. कापडाने अगदी पातळ लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा, आणि वाळू द्या, कच्च्या तेलाला आठवडा तरी लागतोच, असे तीन हात. वरून मधमाश्यांचं मेण थोड्या तेलात वितळवून, थंड करून, ब्रशने घासायचं. मोहरीचं, खोबऱ्याचं तेल लावू नका, ती कधी वाळत नाहीत, धूळ धरतात आणि खवट वास मारतात.

आणि हे लक्षात ठेवाच: जवसाच्या तेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकायची नाही. ती वाळताना आपोआप तापते आणि कुणी काडी न लावता पेटू शकते. दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. भुशाच्या ढिगाशेजारी तर चुकूनही नाही.

दुसरा रस्ता लाख, म्हणजे स्पिरिट पॉलिश. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२० ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, रात्रभर भिजवा, कापडातून गाळा, पातळ पातळ पाच-सहा हात मारा. सागाचा रंग यात फार सुंदर उघडतो. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, हवेतल्या दमटपणाने पांढरट ढग येतो. पाऊस थांबलेला कोरडा दिवस बघा किंवा दिवाळीनंतर करा. आणि स्पिरिट आहे, गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात नको.

बाभळीचा तुकडा असेल तर एक वेगळा प्रयोग, रंग न लावता काळा करायचा. खिळे किंवा स्टीलवूल साध्या व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण ढिलं, वायू निघतो. गाळून ब्रशने लावा, बाभळीतल्या तुरटपणाशी मिळून लाकूड डोळ्यांदेखत काळंभोर होत जातं. खिळ्याभोवतीचं काळं कडं ज्याने होतं तीच ही गोष्ट, आपण मुद्दाम केलेली.

मागे दोन डी रिंगा लावा, एक नाही, एकावर फळी फिरते. भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर लांब राहील असे खाली दोन रबराचे तुकडे चिकटवा, पावसाळ्यात भिंत ओलावा धरते आणि मागून वाळवी चढते. ज्या भिंतीला कूलरचं पाणी लागतं तिथे लावू नका. आणि मागच्या जुन्या, न रंधलेल्या बाजूवर पेन्सिलीने लिहून ठेवा की हे लाकूड कुठल्या घराचं, कुठल्या मोहल्ल्यातलं, चौकट होतं की तुळई, आणि कोणी दिलं. त्या काकूंना मी फोटो पाठवला नाही, फळीच घेऊन गेलो, त्यांनी ती उलटी करून आधी मागचं वाचलं.